कार्डांच्या कपाटाचा अस्त : ओहायोच्या एका ग्रंथपालाची हकिकत

जुन्या ग्रंथालयाच्या दारातून आत शिरले की पहिली भेट होई ती पुस्तकांची नव्हे, एका कपाटाची. त्याला लहान लहान खण, प्रत्येक खणाला पितळी कडी, कडीवर अक्षराची चिठ्ठी, आणि आत एका सळईत ओवलेली जाड कागदाची कार्डे. साडेसात सेंटिमीटर उंच, साडेबारा सेंटिमीटर रुंद. अमेरिकेतल्या विद्यापीठांत काय आणि आपल्याकडच्या जुन्या महाविद्यालयांत काय, कार्डाचे माप तेच. पुस्तक हवे असले तर खण ओढायचा, कार्डे चाळायची, क्रमांक टिपून घ्यायचा आणि मग मांडणीकडे वळायचे. आपल्यापैकी ज्या भगिनींनी कॉलेजात असताना हे केले असेल, त्यांना त्या खणांचा जुनाट कागदी वास अजून आठवत असेल.

एका पुस्तकाचे एकच कार्ड असते अशी पुष्कळांची समजूत असे. वस्तुतः तसे नव्हे. लेखकाच्या नावाचे एक, पुस्तकाच्या नावाचे दुसरे, विषय दोन-तीन असतील तर तितकी आणखी. अशी एकाच पुस्तकाची पाच-सहा कार्डे सहज होत. ती टंकलेखन यंत्रावर उतरवायची, तपासायची, आणि मग हजारो कार्डांत अक्षरानुक्रमाने नेमक्या जागी ओवायची. कार्ड चुकीच्या जागी पडले तर पुस्तक ग्रंथालयात असूनही नसल्यासारखेच. हे काम दिवसभर खाली मान घालून करणाऱ्या बहुतेक बायका असत. अमेरिकेतील ग्रंथालयांच्या नोकरवर्गात बायकांची संख्या नेहमीच मोठी. मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथपालाची खुर्ची मात्र बहुधा पुरुषाची.

यातली खरी नासाडी आणखी वेगळीच होती. समजा एखादे नवे पुस्तक पन्नास कॉलेजांनी विकत घेतले. तर पन्नास ठिकाणी पन्नास जणी त्याच पुस्तकाचे तेच वर्णन पन्नास वेळा लिहीत. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या सर्वांत मोठ्या ग्रंथालयाने, १९०१ सालापासून छापील कार्डे इतर ग्रंथालयांना विकायला सुरुवात केली होती. त्याने भार थोडा हलका झाला. पण कार्ड मागवा, त्याची वाट पाहा, आल्यावर त्यावर आपला क्रमांक चढवा, हे होतेच. शिवाय प्रत्येक पुस्तकाचे छापील कार्ड मिळेच असे नाही.

ही नासाडी ज्या गृहस्थांच्या डोळ्यांत सलली त्यांचे नाव फ्रेडरिक किलगोर. जन्म १९१४, मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफिल्ड या गावी. शिक्षण हार्वर्डला, विषय रसायनशास्त्र. १९३५ साली पदवी मिळाली आणि ते तिथल्याच ग्रंथालयात नोकरीला लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांच्यावर एक विलक्षण काम आले : शत्रुपक्षाच्या देशांत निघणारी वृत्तपत्रे, नियतकालिके व पुस्तके मिळवायची आणि त्यांच्या सूक्ष्मफिती करून अमेरिकन सरकारच्या निरनिराळ्या खात्यांना पुरवायच्या. छापलेली माहिती वेळेवर योग्य माणसाच्या हाती पडली तरच तिला किंमत असते, हा धडा त्यांना कोणत्याही ग्रंथालय-शाळेपेक्षा त्या कामाने अधिक दिला असावा. १९४८ साली ते येल विद्यापीठाच्या वैद्यकीय ग्रंथालयाचे प्रमुख झाले आणि पुढली जवळजवळ दोन दशके त्यांनी तिथे काढली.

येलला असतानाच त्यांनी संगणकाचा नाद घेतला. कोलंबिया, हार्वर्ड आणि येल या तीन विद्यापीठांच्या वैद्यकीय ग्रंथालयांनी मिळून संगणकाकडून कार्डे तयार करून घ्यावीत, अशी एक योजना १९६१ च्या सुमारास निघाली. तीन मोठी घरे, तीन तऱ्हा. ती फार वर्षे टिकली नाही. पण किलगोर साहेबांचा पिंड असा की, योजना मोडली म्हणून कल्पना टाकायची नाही.

ओहायो हे राज्य अमेरिकेच्या मध्यभागाकडचे, शेती आणि कारखान्यांचे. हार्वर्ड-येलचा तोरा तिथे नाही. पण कॉलेजे पुष्कळ, आणि बरीचशी लहान. त्यांच्या ग्रंथालयांना पुस्तकांची भूक मोठी आणि पैसा थोडा. त्यांनी किलगोर आणि राल्फ पार्कर या दोघा जाणकारांचा सल्ला घेतला. सल्ला मिळाला तो असा : प्रत्येकाने आपापला संगणक घेऊन आपापली यादी करू नका, सर्वांची मिळून एकच यादी, एकाच संगणकावर ठेवा, आणि दूरध्वनीच्या तारांनी प्रत्येक ग्रंथालय त्याला जोडा. ६ जुलै १९६७ रोजी ओहायोतील ५४ कॉलेजांच्या व विद्यापीठांच्या प्रमुखांनी मिळून 'ओहायो कॉलेज लायब्ररी सेंटर' स्थापन केले. आद्याक्षरांनी त्याला ओ.सी.एल.सी. म्हणतात. येलची प्रतिष्ठित जागा सोडून वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी किलगोर ते चालवायला कोलंबसला आले. संस्था केवढी? तर पहिला नोकर तेच.

त्रेपन्नाव्या वर्षी आपल्याकडे माणूस निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडू लागतो, हे जाता जाता सांगितल्यावाचून राहवत नाही.

येथे हकिकतीत एका बाईंचा प्रवेश होतो, आणि माझ्या मते त्यांच्यावाचून ओहायोची तार मुकीच राहिली असती. संगणकाला पुस्तकाची यादी द्यायची म्हणजे काय द्यायचे? कार्डावरचा मजकूर माणूस नजरेने ओळखतो. वरचे नाव लेखकाचे, खालचे पुस्तकाचे, तळाशी विषय. यंत्राला नजर नाही. त्याला प्रत्येक बाब वेगळी करून, खूण लावून सांगावी लागते. हे काम हेन्रिएट ॲव्हरम यांनी केले.

ॲव्हरमबाई न्यूयॉर्कच्या, जन्म १९१९. शिकायला गेल्या वैद्यकीच्या पूर्वतयारीला, लग्न झाले १९४१ साली, तीन मुले झाली. १९५२ साली त्या सरकारच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत लागल्या आणि तिथे आय.बी.एम. ७०१ या त्या काळच्या अवाढव्य यंत्रासाठी आज्ञावली लिहायला शिकल्या. तेव्हा हा विषय शिकवणारी महाविद्यालये नव्हतीच म्हटले तरी चालेल. करता करता शिकायचे. पुढे एका खाजगी कंपनीत ग्रंथालयाचे काम अंगावर आले, तेव्हा लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील रूथ फ्रायटाग यांच्याकडून त्यांनी कार्डाचे मर्म समजून घेतले. १९६५ च्या मार्चमध्ये त्या स्वतःच लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये रुजू झाल्या. ग्रंथालयशास्त्राची पदवी त्यांच्याजवळ नव्हती, ती त्यांनी पुढेही घेतली नाही.

त्यांनी केले ते असे. दोन अनुभवी ग्रंथपालांना शेजारी बसवून कार्डावरची एकेक ओळ, एकेक विराम त्यांनी उलगडून घेतला. हे येथे का, हे नसले तर काय, दोन लेखक असले तर काय, लेखकच नसला तर काय, असे प्रश्न विचारीत गेल्या. प्रश्न विचारणारा बाहेरचा असला की घरातल्यांना सवयीने न दिसणाऱ्या गोष्टी दिसू लागतात. मग प्रत्येक बाबीला एक आकडा दिला. लेखकाला १००, शीर्षकाला २४५, विषयाला ६५०, असे शेकडो. या पद्धतीचे नाव 'मार्क', म्हणजे यंत्राला वाचता येणारी सूची. १९६६ ते १९६८ या काळात १६ ग्रंथालयांना चुंबकीय फितींवर नोंदी पाठवून प्रयोग झाला, त्यात सुमारे ५०,००० नोंदी तयार झाल्या. प्रयोगातल्या उणिवा काढून १९६८ साली सुधारलेली पद्धत पक्की झाली, आणि मार्च १९६९ पासून इंग्रजी पुस्तकांच्या नोंदींच्या फिती नियमाने वाटल्या जाऊ लागल्या. १९७१ साली ती अमेरिकेची राष्ट्रीय प्रमाणपद्धत ठरली, १९७३ साली आंतरराष्ट्रीय.

आज आपल्या मुली-नाती ज्या महाविद्यालयांत शिकतात, त्यांतल्या अनेक ग्रंथालयांत 'कोहा' नावाची, न्यूझीलंडमध्ये तयार झालेली आणि विनामूल्य मिळणारी आज्ञावली वापरतात. तिथल्या ग्रंथपालबाईंना विचारा, शीर्षक कोणत्या रकान्यात भरता? त्या सांगतील, दोनशे पंचेचाळीस. अर्धशतकापूर्वी एका तीन मुलांच्या आईने बसवलेला आकडा तो.

ॲव्हरमबाई पुढे चढत चढत १९८३ साली सुमारे १,७०० माणसांच्या विभागाच्या प्रमुख झाल्या आणि १९९२ साली निवृत्त झाल्या.

आता पुन्हा ओहायोकडे. वॉशिंग्टनहून येणाऱ्या फिती किलगोर यांच्या यंत्रात चढल्या, आणि २६ ऑगस्ट १९७१ रोजी अथेन्स गावातील (ग्रीसमधले नव्हे, ओहायोतले) ओहायो विद्यापीठाचे ऑल्डन ग्रंथालय तारेने कोलंबसच्या संगणकाशी बोलू लागले. पडद्यासमोर बसलेल्या बाईने कळा दाबायच्या, पुस्तकाची नोंद आधीच असेल तर ती पडद्यावर यायची. तिने आपल्या ग्रंथालयाची खूण तीत घालायची, की झाले. नोंद नसेल तर स्वतः करायची. ती मग उरलेल्या सर्वांना आपोआप उपलब्ध. पहिल्या दिवशी १३३ पुस्तके अशी सूचीत गेली.

पुस्तक शोधायची युक्तीही ऐकण्यासारखी आहे. संगणकातली जागा तेव्हा सोन्याच्या भावाने मिळे, तार हळू. म्हणून पूर्ण नाव टंकायचे नाही. लेखकाच्या आडनावाची पहिली तीन अक्षरे आणि शीर्षकाच्या पहिल्या शब्दाची तीन. जेन ऑस्टिनची 'एमा' हवी, तर ए-यू-एस, स्वल्पविराम, ई-एम-एम. एवढ्या सहा अक्षरांवर लाखो नोंदींतून चार-दोन नावे पुढे येत आणि त्यांतून हवे ते निवडायचे. सहा अक्षरे पुरतात की नाही, यावर किलगोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रीतसर मोजमाप करून निबंध लिहिले. ग्रंथपालाने अनुमानावर चालू नये, मोजावे, हा त्यांचा आग्रह शेवटपर्यंत राहिला.

आणि कार्डे? ती गेली नाहीत! संगणकावर नोंद होताच ओ.सी.एल.सी. त्या त्या ग्रंथालयाच्या पसंतीप्रमाणे कार्डे छापी, अक्षरानुक्रमाने लावी आणि टपालाने धाडी. ग्रंथालयाने खोके उघडून ती नुसती ओवायची. कपाट हटवण्याआधी किलगोर यांनी ते कपाट भरण्याचेच काम सोपे करून दिले, यात मला त्यांची व्यवहारी बुद्धी दिसते. नव्या सुनेने आल्या आल्या स्वयंपाकघर बदलू नये, आधी त्याच चुलीवर स्वयंपाक करून दाखवावा, तसे हे.

पहिल्या वर्षातच ऑल्डन ग्रंथालयाच्या सूचीत जाणाऱ्या पुस्तकांची संख्या एक तृतीयांशाने वाढली, आणि नोकरवर्गातील १७ जागा कमी झाल्या. ही दोन्ही वाक्ये बहुधा एकाच दमात, कौतुकाने सांगितली जातात. मला दुसऱ्या वाक्याशी थोडे थांबावेसे वाटते. त्या सतरा जागा कोणाच्या होत्या? ग्रंथालयातले टंकलेखन आणि कार्डे ओवणे कोण करीत असे, हे वर सांगितलेच आहे. हे काम कंटाळवाणे होते, मान मोडणारे होते, पण त्यावर कोणाचे तरी घर चालत असेल. किलगोर यांचे म्हणणे स्पष्ट होते : कॉलेजांचा खर्च वर्षाला वाढतच जाणार, ग्रंथालयांनी दर पुस्तकामागचा खर्च आटोक्यात आणला नाही तर शेवटी पुस्तकेच कमी घ्यावी लागतील. हा हिशेब मला पटतो. शंभर विद्यार्थिनींना पुस्तक मिळावे म्हणून सूचीचे काम आवरते घेणे भाग होते. तरी पण हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला सतरा आकडा लिहिलेला आहे आणि तो पुसू नये.

आपल्या देशात डॉ. रंगनाथन यांनी मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल असताना १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतले एक, वाचकाचा वेळ वाचवा. ओहायोच्या तारेने आधी वाचला तो ग्रंथपालांचा वेळ. वाचकाचा वाचू लागला तो पुढे. कारण सर्वांची यादी एक झाल्यावर कोणते पुस्तक कोणाकडे आहे हे एका पडद्यावर दिसू लागले. १९७९ साली त्याच तारेवरून एका ग्रंथालयाने दुसऱ्याकडे पुस्तक उसने मागण्याची सोय झाली. लहानशा गावच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्याला दूरच्या विद्यापीठातील पुस्तक पोस्टाने मिळू लागले. किलगोर यांना हेच हवे होते. सूची हे साधन. साध्य ते हे.

या यादीत आपली मराठी पुस्तकेही आहेत, आणि ती तिथे गेली त्यामागे गव्हाची गोष्ट आहे. पी.एल. ४८० हे नाव आपल्यातल्या वडीलधाऱ्या भगिनींना रेशनच्या रांगेतून माहीत आहे. १९५४ सालच्या त्या अमेरिकन कायद्याखाली आलेल्या धान्याची किंमत भारताने रुपयांत भरली. ते रुपये येथेच साठले, आणि त्यांतला काही भाग भारतीय पुस्तके विकत घेण्याकडे लागला. त्यासाठी १९६२ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसचे कार्यालय दिल्लीत उघडले. कथा, कादंबऱ्या, कवितासंग्रह, इतिहासाची साधने, इतकेच काय सरकारी अहवालसुद्धा, यांच्या प्रती पेट्यांतून अमेरिकेतल्या विद्यापीठांकडे गेल्या. आपण तो लाल गहू नाक मुरडून दळत होतो, तेव्हा त्याच पैशांनी मराठी पुस्तके सातासमुद्रापार जात होती!

मात्र ॲव्हरमबाईंची पद्धत रोमन अक्षरांत जन्मली, देवनागरी तिला पुढे कित्येक वर्षे येत नव्हती. त्यामुळे मराठी नावे तिथे रोमन लिपीत उतरली, अक्षरांखाली ठिपके आणि स्वरांवर रेघा देऊन. नियम असा की शेवटच्या व्यंजनातला 'अ' देखील लिहायचा. तेव्हा 'विजय' हे नाव तिकडच्या सूचीत पाहिले तर 'विजया'सारखे वाचले जाते. लेखक की लेखिका, असा संभ्रम पडावा. देवनागरीची सोय झाली ती बऱ्याच उशिरा, आणि जुन्या नोंदींवर त्या ठिपक्यांच्या रांगा अजून दिसतात.

किलगोर १९८० साली अध्यक्षपदावरून बाजूला झाले. तोवर संस्था ओहायोची राहिली नव्हती. १९७७ साली तिने राज्याबाहेरील ग्रंथालयांनाही सभासदत्व खुले केले होते. पुढे त्या समाईक यादीला 'वर्ल्डकॅट' हे नाव मिळाले. पण वाढत्या घराबरोबर वाटणीचा प्रश्नही आला. १९८२ साली संस्थेने साऱ्या यादीवर स्वामित्वहक्क मागितला, आणि सभासद ग्रंथालयांत खळबळ उडाली. नोंदी केल्या कोणी? ठिकठिकाणच्या ग्रंथालयांनी, आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसने लोकांच्या पैशातून. मग मालक कोण? २००८ साली नोंदींच्या वापराविषयी संस्थेने नवे नियम काढले तेव्हाही असाच गदारोळ झाला आणि ते मागे घ्यावे लागले. दुसऱ्याची नोंद पहिल्यांदा वापरताना ग्रंथालयाने पैसे मोजायचे ही पद्धत होती. ज्यांना ती परवडे त्यांचे ठीक, ज्यांना परवडत नसे ती ग्रंथालये त्या समाईक घराच्या बाहेरच राहत. १९५९ साली गिरगावात सात जणींनी गच्चीवर पापड लाटून ज्या उद्योगाला आरंभ केला, त्यात पापड लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण असते. ग्रंथालयांच्या सहकारात हे कलम आरंभीच इतके स्वच्छ लिहिले असते तर पुढची भांडणे टळती, असे मला वाटते.

किलगोर स्वस्थ बसले नाहीत. १९९० पासून २००४ पर्यंत, म्हणजे वयाच्या नव्वदीपर्यंत, ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात शिकवीत होते. शोधासाठी किती शब्द पुरतात याची मोजणी तिथेही चालू होती, आणि १९९८ साली त्यांनी ग्रंथाच्या उत्क्रांतीवर, मातीच्या विटांपासून पडद्यापर्यंत, एक पुस्तक लिहिले. २००६ च्या एप्रिलमध्ये ॲव्हरमबाई गेल्या, त्याच वर्षीच्या जुलैत किलगोर.

कार्डांनी मात्र दोघांनाही मागे टाकले. लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९८१ च्या आरंभी आपल्या कपाटात नवी कार्डे घालणे थांबवले, तरी ओहायोचे छापखाने चालूच होते. १९८५ साली तिथून १३ कोटी १० लाख कार्डे गेली, तोच उच्चांक. मग दर वर्षी थोडी कमी, थोडी कमी. १ ऑक्टोबर २०१५ रोजी शेवटचा गठ्ठा छापून न्यूयॉर्कजवळच्या ब्रॉन्क्सव्हिल येथील एका लहान कॉलेजाकडे टपालाने रवाना झाला. तोवर छापलेल्या कार्डांची एकूण संख्या १९० कोटींवर गेली होती.